गाडी जुळवितांना

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत माणगांवच्या आमच्या घरीं सोळा माणसें जमलीं होतीं आणि टीव्ही मात्र एकच. त्यास जोडलेल्या प्लेस्टेशन यंत्रावर मुलें मोटारींच्या शर्यती खेळत. भांडणें वाढलीं तेव्हां वडील वहिनींनीं प्रत्येकास वीस मिनिटांची मर्यादा घालून दिली. मी ओसरीवर वर्तमानपत्र वाचीत बसें आणि मनांतून हा सारा कालापव्यय आहे असें समजें.

माझें लक्ष तिकडे वळलें तें एका घरगुती वादामुळें. थोरल्या पुतण्यास अठरा वर्षें पूर्ण झालीं होतीं. वाहन चालविण्याचा परवाना हातीं येणार होता. पहिल्या पावसांत मित्रांसह ताम्हिणी घाटांत जाण्यासाठीं घरची गाडी मिळावी, असा त्याचा हट्ट होता. मुळशीकडून घाट उतरून येणारा रस्ता विळें, निजामपूर करीत आमच्या गांवींच येऊन मिळतो, त्यामुळें त्या घाटांतील अपघातांच्या वार्ता येथें सर्वांच्या आधीं कानीं येतात. बंधूंनीं निर्णय माझ्यावर सोंपविला. मुलगा गाडी कशी चालवितो हें रस्त्यावर पाहण्यापूर्वीं पडद्यावर तरी पाहूं, म्हणून मी चष्मा पुसून मुलांच्या मागें जाऊन बसलों.

खेळाचें नांव 'ग्रान तुरिस्मो'. काझुनोरी यामाउची नामक जपानी गृहस्थानें रचलेला ह्याचा पहिला भाग १९९७ च्या डिसेंबरांत जपानांत प्रसिद्ध झाला. तोंपर्यंतच्या बहुतेक खेळांत गाडी म्हणजे निव्वळ रंगीत चित्र असे. भिंतीवर आदळावें आणि पुढें जावें. येथें प्रत्येक गाडीस तिचें खरें वजन, तिचें इंजिन आणि तिचा स्वभाव देण्याचा यत्न होता. २०२२ च्या मार्चमध्यें आलेल्या सातव्या भागांत तर चारशेंहून अधिक गाड्या आहेत. इतक्यांतून एक आपली म्हणून निवडणें हें स्थळ पाहण्याइतकेंच बिकट, आणि चुकाही त्याच होतात; रूप आणि गाजावाजा पाहून होकार दिला जातो.

पुतण्याची निवड निसानची जीटी-आर. वजन सुमारें पावणेदोन टन, शक्ति पांचशें अश्वांहून अधिक, चारही चाकांस जोर. त्याच्याहून दोन वर्षांनीं लहान असलेल्या पुतणीनें मात्र १९८९ सालची माझ्दाची युनोस रोडस्टर घेतली होती. ही दोन माणसांची इवलीशी उघडी गाडी; वजन हजार किलोंच्या आंत, शक्ति सुमारें १२० अश्वांची, आणि भार पुढच्यामागच्या चाकांवर जवळजवळ सारखा वांटलेला. भाऊ तिला 'खेळणें' म्हणून हिणवी.

मीं तिला विचारलें, "हीच कां ग निवडलीस?"

ती म्हणाली, "काका, हिच्यांत माझी चूक मला लगेच कळते. दादाच्या गाडींत इंजिनच सगळें झांकून टाकतें."

ह्या उत्तरानें मी चकित झालों. पुढें तिनें मला आपली वही दाखविली. प्रत्येक पानावर तारीख, गाडींत केलेला एक फेरफार आणि त्यानंतरच्या फेरीस लागलेला वेळ. एका पानावर एकच फेरफार! आमच्या घरीं तंबोरा आहे. तो लावतांना एका वेळीं एकच खुंटी पिळावयाची असते. चारही एकदम पिळणारास कोणती तार उतरली हें कधींच कळत नाहीं.

गाडी जुळविण्याचें शास्त्र मला तिनेंच शिकविलें. त्यांतलें मुख्य तेवढें सांगतों. वळणावर गाडी दोन प्रकारें बिघडते. एक तर पुढचीं चाकें घसरतात आणि स्टिअरिंग फिरवूनही नाक बाहेरच्या कडेस जातें. नाहीं तर मागचीं चाकें सुटतात आणि शेपूट पुढें येऊं पाहतें. नाक जात असेल तर पुढच्या दोन चाकांस जोडणारा, गाडीचें कलणें आंवरणारा दांडा थोडा मऊ करावा. पुढच्या टायरांस पकड मिळते. शेपूट सुटत असेल तर मागचा मऊ करावा. चाकांचे माथे किंचित् आंत कलविले तर वळणावर भार पडणारें बाहेरचें चाक जमिनीस सपाट टेंकतें. मात्र अति कलविल्यास सरळ रस्त्यावर ब्रेक लावतांना तेंच चाक दगा देतें. गिअरचें अखेरचें प्रमाण आंखूड केलें तर गाडी चटकन् उचलते पण अंतिम वेग घटतो. म्हणजे प्रत्येक लाभाची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. फुकट असें त्या पडद्यावर कांहींच नाहीं, हें मला फार आवडलें. हवेचा दाब मात्र ह्या खेळांत बदलतां येत नाहीं. 'फोर्झा' नांवाच्या दुसऱ्या मालिकेंत तोही येतो.

पुतण्याचा उपाय एकच. गाडीचें नाक बाहेर जावो कीं शेपूट, खेळांतलें द्रव्य खर्चून इंजिनाची शक्ति वाढवावयाची! आमटी खारट झाली म्हणून तींत तिखट घालण्यासारखें तें होतें.

अखेर मीं पैज लावली. जर्मनींत नुरबर्गरिंग म्हणून डोंगराळ भागांतला शर्यतीचा मार्ग आहे; त्याचें जुनें उत्तरेकडील वेटोळें वीस किलोमीटरांहून थोडें अधिक लांब. तो मार्ग खेळांत घ्यावा, पाऊस चालू ठेवावा, आणि रोज दोन याप्रमाणें पांच दिवसांत दोघांनीं दहा दहा फेऱ्या कराव्या. बिघडली फेरी पुन्हां आरंभ करावयाची नाहीं. वहिनींनीं वीस मिनिटांची मर्यादा तेवढ्यापुरती सैल केली.

पुतण्याची उत्तम फेरी बहिणीच्या उत्तम फेरीहून मिनिटभर जलद निघाली. परंतु दहांपैकीं चार फेऱ्या कुंपणाशीं संपल्या. पुतणीच्या दहाही पूर्ण झाल्या, आणि सर्वांत जलद व सर्वांत मंद फेरींत पंधरा सेकंदांचेंही अंतर नव्हतें.

तो वरमला, पण पटलें नाहीं. "काका, हा खेळ आहे. खऱ्या रस्त्यावर मी असें चालवणार नाहीं." त्यावर मीं त्यास यान मार्डनबरो ह्या ब्रिटिश तरुणाची हकीकत सांगितली. ह्याच खेळांतून चालक निवडण्याची निसानची स्पर्धा त्यानें २०११ सालीं जिंकली, आणि २०१३ सालीं तो ल मान येथील चोवीस तासांच्या शर्यतींत आपल्या वर्गांत तिसरा आला. खेळांतला हात रस्त्यावर येतो, याला ह्याहून मोठा पुरावा नको. पण २०१५ च्या मार्चमध्यें त्याच नुरबर्गरिंगवर एका चढाच्या माथ्यावर त्याची गाडी हवेंत उचलली गेली आणि कुंपणापलीकडे पडली. एक प्रेक्षक प्राणास मुकला. चालकाच्या कसबांत तेव्हां कांहीं उणें नव्हतें.

पुतण्या बराच वेळ बोलला नाहीं. रात्रीं त्यानें बहिणीकडे वही मागितली. ती सुखासुखीं देईना, हें सांगणें नकोच.

मीं असें ठरविलें कीं पहिल्यानें माझ्यासह, दिवसाउजेडीं, मित्रांवांचून जावें. जूनमधल्या एका सकाळीं निघण्यापूर्वीं पेट्रोलपंपावर त्यानें आपण होऊन दाराच्या चौकटीवरील दाबाचे आंकडे वाचले आणि चाकें तापण्याआधीं चारही चाकांची हवा मोजविली. मागच्या डाव्या चाकांत ती बरीच कमी भरली. चाक काढून पाहतां आंत खिळा सांपडला. घाटांत जाणें त्या दिवशीं राहिलें.

दुसऱ्या दिवशीं गेलों. धुकें दाट होतें. एका वळणावर दरडीची तांबडी माती रस्त्यावर वाहून आली होती. त्यानें ब्रेक वळणाच्या आधीं, गाडी सरळ असतांनाच लावला आणि वळतांना सोडला. मीं दाराची मूठ घट्ट धरली होती, ती तशीच धरून ठेवली.

मित्रांसह जाण्याची परवानगी त्यास दसऱ्यानंतर, रस्ता कोरडा झाल्यावर मिळाली. जीटी-आर त्यानें सोडलेली नाहीं. तिची मात्र आतां वेगळी वही आहे. मीही रोडस्टर घेऊन दुपारीं मुलें नसतांना बसतों. माझी उत्तम फेरी पुतणीच्या सर्वांत मंद फेरीपेक्षां अद्याप दोन मिनिटें मागें आहे.