पक्षी छायाचित्रण, झाडोऱ्यातील
झाडोऱ्यात खाद्य शोधणाऱ्या वन्य पक्ष्यांची छायाचित्रे घेण्याचे तंत्र. उदा., वडाची फळे पिकली की हरियाल व तांबट ती खाण्यास येतात; पण त्यांचा हिरवट रंग पानांत मिसळतो आणि डहाळ्या आड येतात. ३५ मिमी. चित्रचौकटीच्या कॅमेऱ्यात ४०० मिमी. केंद्रांतराचे भिंग एफ/५·६ छिद्रावर वापरल्यास १० मी. अंतरावर सुस्पष्टतेची खोली सु. २० सेंमी. असते. त्यामुळे मागची पाने धूसर होऊन पक्षी उठून दिसतो. मात्र स्वयंचलित केंद्रीकरण पुष्कळदा पुढच्या डहाळीवरच होते. म्हणून केंद्रीकरणासाठी एकच बिंदू निवडून तो पक्ष्याच्या डोळ्यावर ठेवतात किंवा केंद्रीकरण हाताने करतात.

पक्ष्यांचा पाठलाग करण्यापेक्षा फळलेल्या झाडाजवळ लपणात बसून वाट पाहणे श्रेयस्कर असते. इंग्लंडमधील रिचर्ड व चेरी किअर्टन या बंधूंनी १९०० च्या सुमारास बैलाचे कातडे चढविलेला पोकळ सांगाडा लपण म्हणून वापरला.

आड येणारी डहाळी तोडण्याचा मोह कटाक्षाने टाळावा लागतो; कारण तीच पक्ष्याची बैठक आणि शिकारी पक्ष्यांपासूनचा आडोसा असते. कॅमेरा एकदोन पावले सरकविल्यास बहुधा वाट मोकळी होते. पक्षी खाणे थांबवून सावध झाल्यास छायाचित्रकाराने मागे हटणे इष्ट असते. पक्षी कोणत्या झाडावर, कोणते फळ, कसे खातो हे दाखविणारे छायाचित्र अभ्यासकांना उपयुक्त ठरते. परिसर साफ करून घेतलेले छायाचित्र सुबक असले, तरी ही माहिती त्यातून नाहीशी होते.