इंजिनांचे पाठभेद

आमच्या नागावात नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, रात्रंदिवस गाजणारा समुद्र आहे. नाही ती फक्त आगगाडी. ती पाहायची तर अलिबाग ओलांडून पेण गाठावे लागते. अशा गावातला, त्यातून मराठी शिकवणारा माणूस डिझेल इंजिनांवर लिहितो म्हटल्यावर वाचकांना नवल वाटेल. पण याला कारण आमचा भाचा. तो दर दिवाळीला कल्याणहून येतो आणि फराळाच्या डब्याबरोबर इंजिनांची एक जाडजूड वही आणतो.

"अरे, एका जातीची इंजिने सारखीच असायची. त्यात टिपून काय घ्यायचे?" मी विचारले.

"मामा, तुम्ही पोथ्यांतले पाठभेद शिकवता ना? तेच हे!"

उत्तर मार्मिक होते. एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये प्रती ताडून पाहून ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. प्रत ओळखायची ती अशा बारीक फरकांवरून. मात्र पोथीतला फरक बहुधा लेखनिकाच्या नजरचुकीने पडतो. इंजिनातला फरक कुणाच्या तरी अडचणीला दिलेले उत्तर असते.

आधी नाव कसे वाचायचे ते पाहू. इंजिनावरच्या इंग्रजी अक्षरांत 'डब्ल्यू' म्हणजे रुंद रूळमार्ग, 'डी' म्हणजे डिझेल. पुढे 'पी' असेल तर उतारूंच्या गाडीसाठी, 'जी' असेल तर मालगाडीसाठी, आणि 'एम' असेल तर दोन्हींसाठी. आपल्याकडची सर्वांत प्रसिद्ध जात डब्ल्यूडीएम-२. २,६०० अश्वशक्तीची ही इंजिने १९६२ साली अमेरिकेच्या आल्को कंपनीकडून आली आणि १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यातून बाहेर पडू लागली. तिच्यातच 'जम्बो' नावाची एक पोटजात झाली: तोंडाचा आखूड भाग पूर्ण रुंदीचा आणि खिडक्या चांगल्या मोठ्या. पुढे ३,१०० अश्वशक्तीची ३-ए आली. तिच्यातल्या काहींच्या छतावर ब्रेकची उंच पेटी दिसते. जुन्या इंजिनाची पुनर्बांधणी झाली की क्रमांकामागे 'आर' हे अक्षर लागे. म्हणजे क्रमांक जुना, अंतरंग नवे!

अलीकडची डब्ल्यूडीपी-४ ही जात तर गोष्टीसारखी वाचता येते. २००१ साली अमेरिकेतून आलेल्या पहिल्या इंजिनांची शक्ती ४,००० अश्वशक्ती. त्यांना आस सहा, पण मोटारी चारच. गाडी हलकी असेल तोवर ठीक. जड गाडी ओढताना चाके घसरत. म्हणून २०१० मध्ये ४-बी आली: सहाही आसांना मोटारी आणि शक्ती ४,५००. तरी एक अडचण उरलीच. चालकाची खोली एकाच टोकाला असल्याने लांब बाजू पुढे करून धावताना त्याला समोरचे नीट दिसत नसे. मग ४-डी मध्ये दुसऱ्या टोकालाही खोली बांधली. फलाटावरून पाहणाऱ्याने दोन्ही टोकांना काचा मोजाव्यात. नावाची पाटी न वाचताही बी आणि डी वेगळे कळतात. रंगावर मात्र विसंबू नये. तो पुष्कळदा ज्या त्या शेडच्या आवडीचा असतो.

काही फरक डोळ्यांना दिसतही नाहीत. पहिल्या इंजिनांत एकेका बोगीतल्या मोटारींना मिळून वीज पुरवली जाई. नंतरच्यांत प्रत्येक मोटारीचा पुरवठा स्वतंत्र झाला. उतारूला याचे सोयरसुतक नाही, पण शेडमधल्या फिटरला आहे. सुटा भाग मागवताना हा फरक ध्यानी घेतला नाही, तर आलेला भाग बसणार नाही आणि इंजिन उभेच राहील. हौशी मुलाच्या वहीतली नोंद आणि फिटरची नोंद एकाच सवयीतून येते: सारखे दिसते म्हणून सारखे मानू नये.

आणि ही सवय आताच कामी आणायची आहे. १९९८ साली पूर्ण झालेली कोकण रेल्वे वर्षानुवर्षे डिझेलवर धावली. २०२२ मध्ये तिच्या विद्युतीकरणाचे लोकार्पण झाले. वाराणसीच्या कारखान्याच्या नावातला 'डिझेल' हा शब्द २०२० मध्येच गळाला. त्याआधी तिथे जुन्या डिझेल इंजिनांचे विजेच्या इंजिनात रूपांतरही करून पाहिले होते. २०२० च्या जुलैत दहा डिझेल इंजिने बांगलादेशाला दिली गेली. काही भंगारातही जातील.

पोथी जळाली तरी तिची एखादी नक्कल कुठेतरी उरते. इंजिन वितळले की त्याची खिडकी, छतावरची पेटी आणि त्यामागची अडचण, सगळेच गेले. तेव्हा वाचकहो, घरातले एखादे पोर फलाटाच्या टोकाला उभे राहून आकडे लिहीत असेल, तर "गाडी सुटेल, चल" असे म्हणून त्याला ओढू नका. क्रमांकाखाली एक ओळ आणखी लिहायला सांगा: हे इंजिन त्याच्या भावंडाहून कशात निराळे आहे, आणि का.