आईला सांगायचे कोणी?

रिपोर्ट मुलाच्या हातात पडला तेव्हा आई बाहेरच्या बाकावर बसून होती. "काय निघालं रे?" तिने विचारले. "काही नाही. साधी गाठ आहे, काढून टाकायची," असे म्हणून मुलगा पाणी आणायच्या निमित्ताने उठला, तो बराच वेळ परत आला नाही.

सोलापूर जिल्ह्यातल्या त्या घरात रात्री बैठक बसली. अण्णा, दोघे मुलगे आणि थोरली सून. स्तनाचा कॅन्सर आहे हे आईला कळता कामा नये, असे ठरले. "ती हाय खाईल," अण्णा म्हणाले. फाईल कपाटात गेली आणि कपाटाची किल्ली सुनेकडे. नातवंडांना दटावण्यात आले.

हे सारे मायेपोटीच झाले आणि आपल्याकडच्या कितीतरी घरांत असेच होते. एके काळी डॉक्टरांचीही हीच रीत होती. १९६१ साली अमेरिकेत एका इस्पितळातील डॉक्टरांना विचारले गेले, तेव्हा त्यांपैकी सुमारे ९० टक्के डॉक्टर रोग्याला कॅन्सरचे नाव न सांगणेच पसंत करीत होते. १९७९ साली तिथल्याच दुसऱ्या एका इस्पितळात तोच प्रश्न विचारला, तर ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे निघाले. मधल्या काळात उपचार सुधारले होते आणि लांबलेही होते. महिनोन् महिने चालणारे उपचार रोग्याच्या मनाविरुद्ध कसे पार पडणार?

या घरालाही तोच अनुभव आला. ऑपरेशन सुरळीत झाले. नंतर दर तीन आठवड्यांनी केमोथेरपी सुरू झाली. तिला सांगितले, "ताकदीची सलाईन आहे." दुसऱ्या डोसपर्यंत केस फणीत गुंतून येऊ लागले, तोंड सोलवटले, आमटीचा वास आला तरी मळमळू लागले. आईने साफ सांगून टाकले, "गाठ काढली ना? मग हे कशाला? ही कसली ताकद? मी येणार नाही." मुलांनी समजावले, मग चिडून पाहिले. तिने कोणाकडून तरी झाडपाल्याची पुडीही मागवली. तिच्या बाजूने पाहिले तर तिचे काय चुकले? साध्या गाठीसाठी एवढे हाल कोण सोसेल?

तिसऱ्या डोसला चार दिवस उरले होते. दुपारी मेथी निवडताना सून म्हणाली, "आई, गाठ साधी नव्हती."

"कॅन्सर ना?" आईने मान वर न करता विचारले. मी खोलीत शिरले की तुम्ही गप्प होता, विहिरीच्या मोटारीवरून भांडणारे भाऊ एकाएकी गोडीत वागतात, पुण्याची मुलगी महिन्यात तीनदा येऊन जाते, तेव्हा मला कळणार नाही का, असे तिचे म्हणणे. "मला वाटलं, आता काही उरलंच नाही, म्हणून सांगत नाहीत."

वास्तविक गाठ लवकर सापडली होती आणि डॉक्टरांना चांगली आशा होती. परंतु रोगाचे नावच लपवल्यामुळे ही आशेची गोष्टही तिच्यापर्यंत पोहोचली नव्हती. एवढे दिवस ती एकटीच मरणाचा हिशेब करीत बसली होती.

अर्थात, सगळे एका दमात सांगून मोकळे व्हावे असे नाही. 'तुला किती जाणून घ्यायचंय?' हे आधी विचारावे. काहींना तपशील नकोच असतो, त्यांचाही मान राखावा. घरच्यांना धीर होत नसेल तर डॉक्टरांना किंवा मोठ्या इस्पितळातल्या समाजसेवा विभागातील ताई-दादांना सोबत घ्यावे. शस्त्रक्रियेनंतर दृष्टी जाणार आहे हे लहानग्याला आधी सांगायचे कसे, या पेचात सापडलेले आजोबा २००४ च्या 'श्वास' चित्रपटात अनेकांनी पाहिले असतील.

आईला सांगितल्यावर घरातली इतर कामेही सोपी झाली. धाकट्या नातवाने तिचे ताट-वाटी वेगळी मांडली होती, कॅन्सर शिवाशिवीने होत नाही हे त्याला आता उघड सांगता आले. ताप १००.४ च्या वर गेला तर सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठायचे, कारण केमोमुळे जंतूंशी लढायची ताकद घटलेली असते, हे तिलाही ठाऊक झाले. तिकिटाची लपवाछपवीही संपली. कॅन्सरच्या रोग्याला उपचारासाठी जाताना रेल्वेच्या भाड्यात सवलत असते, सोबतच्या एका माणसालाही. त्यासाठीचा इस्पितळाचा दाखला आता तीच जपून ठेवू लागली. चाळीस वर्षांत चुलीपुढे न गेलेले अण्णा मऊ भात करायला शिकले. पहिले दोन दिवस तो करपला, ते सोडा.

तिसऱ्या डोसला फाईल आईच्याच पिशवीत होती. डॉक्टरांनी विचारले, "काही विचारायचंय?" घरच्यांना वाटले, केस परत येतील का हेच विचारील. ते येतात, हे सुनेने तिला आधीच सांगितले होते. आई म्हणाली, "माझ्या मुलीलाही तपासून घ्यायला हवं का?"

हा प्रश्न तोवर घरातल्या कोणालाच सुचला नव्हता.