माणेकशांची गोष्ट आणि एक राजदूत
एप्रिल १९७१. इंदिराबाईंना लगेच युद्ध हवं होतं, माणेकशांनी त्यांना थांबवलं, ही गोष्ट इथे लंडनमध्येही आम्हा मित्रांच्या गप्पांत रंगते. चंद्रशेखर दासगुप्तांनी २०२१च्या पुस्तकात ती खोडून काढली. आधी जगाचं मत वळवायचं, मगच लष्कर, हे दिल्लीचं ठरलेलं धोरण होतं, असं ते कागदपत्रांनिशी सांगतात.

दासगुप्ता चीनमधले आपले माजी राजदूत. २००२ साली त्यांनी १९४७-४८च्या काश्मीर युद्धावर लिहिलं. तेव्हा दोन्ही सैन्यांचे प्रमुख ब्रिटिश होते! त्यातून भारताचे हात कसे बांधले गेले, हे त्यांनी ब्रिटिश दप्तरांतूनच शोधलं. सरकारी टिपणं लिहिण्यात आयुष्य गेलेल्याला त्यातलं न लिहिलेलंही वाचता येतं.

माणेकशांचं मोठेपण याने कमी होत नाही. विजयात मुत्सद्द्यांचाही वाटा होता, एवढंच.