थोड्या खर्चाची सहल : नीरा-भीमेच्या मुलखांत

नाताळची सुटी जवळ आली म्हणजे शहरांतील पांढरपेशा घरांतून एक संवाद ठरलेला असतो. मुलें म्हणतात, कोठें तरी जाऊं या. आई महाबळेश्वराचें किंवा गोव्याचें नांव काढते. वडील कागद-पेन्सिल घेऊन चार माणसांचें भाडें, तीन रात्रींचें हॉटेल आणि खाणेंपिणें यांची बेरीज करतात, व तो कागद घडी घालून खिशांत ठेवतात. कांहीं घरांत बेत तेथेंच संपतो. कांहीं घरांत तो उसनवारी करून तडीस जातो. या दोहोंखेरीज तिसरा मार्ग आहे काय, याचा विचार आज आपण करूं.

तिसरा मार्ग असा कीं, जेथें गर्दी लोटत नाहीं अशा जवळच्या मुलखांत जावें. उदाहरणादाखल मी बारामती व इंदापूर हे दोन तालुके घेतों, कारण माझी सारी नोकरी तेथल्या शाळांतून झाली. मोरगांवचा मयूरेश्वर बारामती तालुक्यांतच आहे. अष्टविनायकाच्या यात्रेला निघालेले हजारों लोक तेथें दर्शन घेतात आणि पुढच्या गणपतीकडे वळतात. तेथून पूर्वेकडे भीमेपर्यंत पसरलेला मुलूख मात्र पाहावयाचा राहूनच जातो.

सहलीचा खर्च मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतो : केव्हां जावें, कसें जावें आणि कोठें राहावें. यांतील पहिलीच गोष्ट आपण सर्वांत कमी विचारांत घेतों. मीही ती चूक केली आहे.

भीमा नदीवर सोलापूर जिल्ह्यांत उजनी येथें बांधलेलें धरण १९८० सालीं पूर्ण झालें. त्याचा फुगवटा इंदापूर तालुक्यांत भिगवणच्याही पुढें आला आहे. या पाण्यावर रोहित पक्षी उतरतात, हें ऐकून पुण्याचे माझे मेहुणे एका वर्षीं गणपतीच्या सुटींत सहकुटुंब आले. आम्ही भाड्याची मोटार करून पहांटे कांठावर गेलों. समोर नुसतें पाणीच पाणी! नावाडी आमच्या गांवचा, ओळखीचा. तो म्हणाला, "गुरुजी, धरण भरलंय. आत्ता पाखरं कुठली? संक्रांत झाल्यावर या." मोटारीचें भाडें व्यर्थ गेलें, आणि मुलांचीं तोंडें उतरलीं तीं वेगळींच.

त्याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. रोहित पक्षी उथळ पाण्यांत उभा राहून चोंच उलटी बुडवतो व चिखलांतील शेवाळ आणि बारीक जीव गाळून खातो. जलाशय तुडुंब भरला असतां अशी उथळ जागाच उरत नाहीं. पावसाळा सरल्यावर पाणी शेतीसाठीं सुटूं लागतें, कांठ उघडे पडतात, दलदल होते, आणि मग पक्षी येतात. साधारणतः जानेवारीपासून मार्चपर्यंतचा काळ यासाठीं उत्तम. मध्य आशियांतून हिमालय ओलांडून येणारे, डोक्यावर काळे पट्टे असलेले हंसही हिंवाळ्यांत येथें दिसतात. म्हणून नाताळांत घाई न करतां २६ जानेवारीला जोडून सुटी मिळते काय, तें पाहावें. नाताळांत सर्वत्र वाढलेलें भाडेंही त्यामुळें आपोआप टळतें. एक काळ मात्र टाळावा किंवा मुद्दाम साधावा : आषाढी वारींत तुकाराम महाराजांची पालखी बारामती-इंदापूर मार्गानें जाते. त्या दिवसांत मुक्कामाला जागा मिळणें कठीण. पण बेलवाडीचें रिंगण पाहावयाचें असेल तर तीच वेळ.

आतां दुसरी गोष्ट, प्रवास. पुण्याहून बारामती व भिगवण हीं दोन्ही गांवें सुमारें १०० किलोमीटरांवर आहेत. दौंडमार्गें बारामतीपर्यंत आगगाडी जाते. भिगवणचें स्थानक दौंड-सोलापूर लोहमार्गावर आहे. तेथें सर्व गाड्या थांबत नाहींत, म्हणून वेळापत्रक आधीं पाहावें. एस. टी. तर आहेच. स्वतंत्र मोटार चारही दिवस जवळ बाळगण्याची गरज नाहीं; जेथें एस. टी. क्वचित जाते तेवढ्याच टप्प्याला ती करावी.

चार दिवसांचा क्रम मी असा सुचवीन. पहिला दिवस बारामतीचा. आर्याभारत व केकावली लिहिणारे मोरोपंत (१७२९-१७९४) पन्हाळ्यास जन्मले, परंतु बाबूजी नाईकांच्या आश्रयानें त्यांचें आयुष्य कऱ्हेकांठच्या या गांवीं गेलें. मुलांच्या पाठ्यपुस्तकांतला कवि कोणत्या नदीवर स्नान करीत असेल, हें त्यांना तेथें उभें करून दाखवावें. त्यासाठीं तिकीट लागत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं इंदापूरकडे निघावें. वाटेंत नीरेचा डावा कालवा दिसेल. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर तो खोदला गेला. भाटघर धरणाचें पाणी त्यांतून वाहतें. पुष्कळ ठिकाणीं कालव्याच्या नदीकडील अंगास हिरवागार ऊंस आणि वरच्या अंगास कोरडें माळरान, असा देखावा दिसतो. पाणी कोणास मिळालें व कोणास नाहीं, हा भूगोलाचा धडा मुलांना एका दृष्टिक्षेपांत कळतो. त्या दिवशीं शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे यांच्या नांवाशीं निगडित असलेलें इंदापूर पाहून मुक्काम करावा. तिसऱ्या दिवशीं सकाळीं नीरा-नरसिंहपूरला जावें. तालुक्याच्या आग्नेय टोकाला नीरा भीमेला मिळते, तेथें लक्ष्मी-नृसिंहाचें पेशवाईंत बांधलेलें मंदिर आहे. पुणें जिल्हा या संगमावर संपतो. परतीची एस. टी. केव्हां, हें उतरतांच विचारून ठेवावें.

तेथून इंदापूरला परतून, पुण्याच्या रस्त्यानें पळसदेव करीत संध्याकाळीं भिगवणजवळच्या कुंभारगांवीं पोंचावें. पळसदेवचें जुनें हेमाडपंती मंदिर धरणाच्या पाण्यांत गेलें आहे. जलाशय भरला कीं तें बुडतें, उन्हाळ्यांत पाणी उतरलें कीं वर येतें. म्हणजे पक्षी आणि संपूर्ण मंदिर एकाच खेपेंत साधतीलच असें नाहीं. चौथ्या दिवशीं पहांटे पक्षी पाहून दुपारीं घरची वाट धरावी.

तिसरी गोष्ट मुक्काम. बारामती व इंदापूर हीं बाजारपेठेचीं गांवें. तेथें साधीं, स्वच्छ लॉजें मिळतात. कुंभारगांवीं घरगुती सोय करणारीं कुटुंबें आहेत. भाकरी, पिठलें, ठेचा हें जेवण. मत्स्याहारी असाल तर उजनीची मरळ किंवा चिलापी. निघण्यापूर्वीं दूरध्वनीवरून चार प्रश्न विचारावे : पाणी उतरलें आहे काय? भाड्यांत जेवण धरलें आहे काय? नावेचा दर माणशीं कीं नावेमागें? आणि नावेंत तरंगणारीं जाकिटें आहेत काय?

या चौथ्या प्रश्नावर मी मुद्दाम थांबतों. २०२४ सालच्या मे महिन्यांत याच जलाशयांत, इंदापूर तालुक्यांतील कळाशी आणि पलीकडील कुगांव यांच्या दरम्यान, वादळी वाऱ्यानें नाव उलटून ६ माणसें मृत्यु पावलीं. म्हणून वारा सुटला असतां नाव हांकण्याचा आग्रह धरूं नये, आणि दोन पैसे वांचविण्यासाठीं एका नावेंत दाटी करूं नये. नावाडी नको म्हणाला तर त्याचें ऐकावें.

त्या गणपतींतल्या फसलेल्या सहलीची एक आठवण सांगावयाची राहिली. नावाड्यानें आम्हांस नावेंत घेतलेंच नाहीं. पक्षी नाहींत तर पैसे कशाचे, असें तो म्हणाला. पुढें फेब्रुवारींत आम्ही पुन्हां गेलों. रोहितांचा थवा शे-दीडशें हात दूर असतांना त्यानें वल्हीं थांबविलीं. मेहुणे म्हणाले, "अजून जवळ घ्या, उडतांना पाहूं." तो म्हणाला, "उठवलं तर त्यांचं खाणं मोडतंय, साहेब." मग परततांना त्यानें पाण्यांत एके ठिकाणीं बोट दाखविलें : "इथं खाली आमची विहीर हाय." मेहुणे दरांत कांहीं सूट मागणार होते. त्यांनीं ती मागितली नाहीं.

श्रोतेहो, ज्या पाण्यावर आपण सहल करतों त्याखालीं कुणाची शेती आहे, आणि त्याच्या पक्ष्यांचा हंगाम जेमतेम तीन महिन्यांचा आहे. काटकसर करावयाची ती मोटारींत, हॉटेलांत आणि गर्दीच्या मोसमांत करावी. नावाड्याच्या मजुरींत आणि आपल्या मुलांच्या सुरक्षिततेंत ती करूं नये. एवढें पथ्य पाळलें तर खिशांत घडी घालून ठेवलेला तो कागद आपणांस यंदा पुन्हां उघडतां येईल, असा माझा विश्वास आहे.