सुगंधी तेलें आणि घरचीं जनावरें

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील शेतकऱ्याच्या घरीं कोनाड्यांत हात घातला तर निलगिरीच्या तेलाची बाटली, टर्पेंटाइन, कापराची डबी आणि डोकें दुखल्यास चोळावयाचें मलम यांपैकीं कांहीं ना कांहीं बहुधा सांपडतेंच. अलीकडे त्यांत सिट्रोनेला, गवती चहाचें तेल, टी-ट्री तेल आणि खोलींत सुगंधी वाफ सोडणारें विजेचें पात्र यांची भर पडूं लागली आहे. डांस, माशा, पिसवा यांच्या उपद्रवावर इलाज म्हणून हीं तेलें घरांत आलीं, याबद्दल आमची तक्रार नाहीं. परंतु ‘झाडपाल्याचीच तर वस्तु आहे, तिनें अपाय तो काय होणार?’ ही समजूत त्यांच्याबरोबर घरांत शिरली आहे, ती मात्र घातक आहे. बैलाला मानवणारें तेल मांजराचा जीव घेऊं शकतें. तें कसें, आणि तें टाळावें कसें, हें वाचकांपुढें मांडण्याचा आमचा हेतु आहे.

प्रथम तेलांतील भेद जाणून घ्यावा. करडई, भुईमूग, निंबोळी, करंज यांच्या बिया घाण्यांत दाबून जें निघतें तें स्थिर तेल. निलगिरीचा पाला, गवती चहा, लवंग यांतून वाफ खेळवून, ती वाफ थंड करून जें मिळतें तें उडून जाणारें, म्हणजे बाष्पशील तेल. कागदावर एकेक थेंब टाकून पाहावा. करडईच्या तेलाचा डाग कायम राहतो. निलगिरीचा थेंब कांहीं वेळानें उडून जातो. ढीगभर पाल्यांतील तीव्र द्रव्य लहानशा बाटलींत सांठविलेलें असल्यामुळें, पाला हुंगणें आणि तेल चाटणें या अगदीं निराळ्या गोष्टी होत. शिवाय हें तेल कातडीवाटे, श्वासावाटे आणि पोटावाटे, अशा तिन्ही मार्गांनीं रक्तांत शिरतें.

या प्रश्नाकडे आमचें लक्ष विशेषेंकरून वेधलें तें लंपी चर्मरोगाच्या साथीमुळें. सन २०२२ च्या पावसाळ्यांत ही साथ महाराष्ट्रभर पसरली, आणि आपल्याकडील देवणी व लाल कंधारी जनावरांनाही तिची झळ लागली. रोग विषाणूचा, पण माशा, डांस व गोचीड त्याचा फैलाव करतात. म्हणून लसीच्या जोडीला गोठ्यांत कीटकांचा बंदोबस्त करावा, असा पशुवैद्यांचा सल्ला होता. निंबोळी, करंज व निलगिरी यांचें तेल प्रत्येकी १० मिलिलिटर आणि अंगाचा साबण २ ग्रॅम, हें एक लिटर पाण्यांत मिसळून फवारावें, ही कृति त्या वेळीं गांवोगांव पोंचली. कृति चांगली आहे. मात्र तिच्यांतील दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली ही कीं निलगिरीचें प्रमाण शेंकडा एकच पडतें. ‘जास्त घातलें तर जास्त गुण’ हा हिशेब येथें चालत नाहीं. दुसरी ही कीं साबण वगळतां येत नाहीं. तेल पाण्यांत विरघळत नाहीं, वर तरंगतें. साबण त्याचे सूक्ष्म कण करून तें पाण्यांत सारखें पसरवितो. साबणावांचून पंप भरला तर आरंभीं नुसतें पाणी उडतें आणि शेवटीं जवळजवळ निव्वळ तेल जनावराच्या अंगावर पडतें.

परंतु गोठ्यांत कांहीं बैल-गाईच राहत नाहींत. गव्हाणीच्या कोपऱ्यांत मांजरी व्यालेली असते, दाराशीं कुत्रें बसलेलें असतें, खुराड्यांत कोंबड्या असतात. औषधाचें माप काढतांना यांची गणती कोणी करीत नाहीं.

मांजराच्या यकृतांत एक जन्मजात उणीव असते. मनुष्याचें किंवा गुराचें यकृत कांहीं विषारी द्रव्यांना ग्लुक्युरॉनिक आम्लाची जोड देऊन तीं मूत्रावाटे बाहेर टाकण्याजोगीं करतें. ही जोड घालण्याची शक्ति मांजराच्या ठायीं फारच तोकडी असते. लवंगेच्या व ओव्याच्या तेलांतील फिनॉल वर्गाचीं द्रव्यें, तसेंच दुखऱ्या सांध्यास चोळावयाच्या मलमांतील विंटरग्रीनचें तेल, हीं त्यामुळें त्याच्या शरीरांत दीर्घकाळ रेंगाळतात. शिवाय मांजर दिवसाचा बराचसा वेळ अंग चाटण्यांत घालवितें. त्याच्या अंगावर जें पडलें तें पोटांत गेलेंच समजावें. तिसरी गोष्ट वजनाची. पांचशे किलोच्या बैलाला जी मात्रा कांहींच नव्हे, ती तीन-चार किलोच्या मांजराला शंभरपटीहून अधिक जड होते.

कुत्र्याचें यकृत याहून सक्षम असलें तरी तेवढ्यानें तें निर्धास्त होत नाहीं. अमेरिकेंतील पशुवैद्यकीय संघाच्या नियतकालिकांत २०१४ सालीं एक पाहणी प्रसिद्ध झाली. २००२ ते २०१२ या काळांत निव्वळ टी-ट्री तेलाची बाधा झालेल्या ४४३ प्राण्यांची हकीकत तींत आहे. त्यांपैकीं ३३७ कुत्रीं व १०६ मांजरें होतीं. दहांपैकीं जवळजवळ नऊ प्रसंगीं तें तेल घरच्या माणसांनीं उपचार म्हणून हेतुपूर्वक वापरलें होतें. अपाय शत्रुत्वानें झाला नाहीं, मायेनें झाला. म्हणूनच तो टाळतां येण्याजोगा आहे. लातूरकडे हौसेनें बाळगलेल्या कारवानी कुत्र्याचें अंग सडपातळ व केंस आखूड असतात. तेल त्याच्या कातडीला सरळ भिडतें, याची जाणीव धन्यानें ठेवावी. कोंबड्या व पिंजऱ्यांतील पांखरें यांची श्वसनसंस्था नाजूक असल्यामुळें त्यांना कोंडलेली वाफ फार लवकर बाधते.

टर्पेंटाइनविषयीं दोन शब्द वेगळे सांगितले पाहिजेत. जखमेंत किडे पडले असतां त्याचा बोळा घालण्याची चाल जुनी आहे. पोटफुगीवर जवसाच्या तेलांत मिसळून तें गुरांस पाजण्याचाही प्रघात आहे. पशुवैद्याच्या सांगण्याप्रमाणें मोठ्या गुराला प्रमाणांत दिल्यास तें औषध होय. निव्वळ पाजल्यास मात्र तोंड व अन्ननलिका पोळते. घाईघाईनें पाजतांना फुप्फुसांत उतरल्यास जनावर दगावतें. आणि दुभत्या गाईच्या दुधास त्याचा वास लागतो. तोच बोळा कुत्र्याच्या किंवा मांजराच्या जखमेंत तर कधींच घालूं नये, कारण तें ती जखम चाटल्यावांचून राहणार नाहीं.

आतां व्यवहाराचे नियम सांगतों.

(१) निव्वळ सुगंधी तेल कोणत्याही जनावराच्या अंगास लावूं नये. मांजर, लहान पिलें व गाभण माद्या यांना सौम्य केलेलेंही पशुवैद्यास विचारल्यावांचून लावूं नये.

(२) गोठ्यांत फवारणी करण्यापूर्वीं कुत्रीं, मांजरें व कोंबड्या बाहेर काढाव्या. वैरण व पाणी झांकून ठेवावें. डोळे, नाक, कांस व उघड्या जखमा वगळून फवारावें. सर्व वाळून वारा खेळल्यावरच इतर प्राण्यांस आंत घ्यावें.

(३) वाफेचें पात्र लावावयाचें तर दारें-खिडक्या उघड्या असाव्या. मांजर किंवा पांखरूं असलेल्या खोलींत तें लावूंच नये.

(४) मलम चोळलेले हात साबणानें धुतल्यावांचून मांजरास कुरवाळूं नये. बाटल्या व कापूर कुलपांत ठेवावे; यांत घरच्या लेंकरांचेंही रक्षण आहे.

(५) कुत्र्यावरील गोचीड चिमट्यानें कातडीलगत धरून सरळ ओढून काढावे; पुष्कळ झाले असतील तर वजन सांगून पशुवैद्याकडून औषध आणावें. परमेथ्रिन असलेलें कुत्र्याचें औषध मांजरास चुकूनही लावूं नये; त्यानें मांजर मरतें.

इतकी काळजी घेऊनही बाधा झालीच तर ती ओळखतां आली पाहिजे. तोंडाला लाळ सुटणें, वांती, सुस्ती, चालतांना झोकांड्या जाणें, मागील पाय लुळे पडणें, अंग थरथरणें, धाप लागणें, आणि अंगास किंवा तोंडास तेलाचा वास येणें, हीं तिचीं लक्षणें होत. उपरोक्त पाहणींत तीं तेल लागल्यापासून दोन ते बारा तासांत दिसलीं आणि कांहीं प्राण्यांत तीन दिवसांपर्यंत टिकलीं. तेव्हां ‘रात्रभर वाट पाहूं’ असें म्हणूं नये. जनावरास मोकळ्या हवेंत आणावें. अंगावर तेल असेल तर भांड्यांचा सौम्य साबण व कोमट पाणी घेऊन धुवावें, फडक्यानें कोरडें करावें, ऊब द्यावी व अंग चाटूं देऊं नये. ओकारी काढण्याचा प्रयत्न मुळींच करूं नये. उलटून आलेलें तेल फुप्फुसांत गेल्यास दुखणें दुणावतें. उतारा म्हणून तूप किंवा गोडें तेलही पाजूं नये. १९६२ या क्रमांकावर दूरध्वनि करावा किंवा जवळचा सरकारी पशुदवाखाना गांठावा. उदगीरच्या परिसरांतील लोकांस तेथील पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा आधार आहे. तेलाची बाटली न विसरतां बरोबर न्यावी. कोणतें द्रव्य पोटांत गेलें हें कळल्यावांचून वैद्याचा निम्मा वेळ तर्क करण्यांतच जातो.

आपण बैलाची किंमत जाणतों, कारण ती बाजारांत ठरते. कणगीवर उंदरांचा पहारा ठेवणाऱ्या मांजराची आणि रात्रभर खळें राखणाऱ्या कुत्र्याची किंमत कोठेंही लिहिलेली नसते. पण एका हंगामांत उंदीर किती धान्य फस्त करतात, हें ज्यानें पाहिलें आहे त्याला ती सांगावी लागत नाहीं. तेलाच्या बाटलीचें बूच काढण्यापूर्वीं घरांत कोण कोण राहतें याची एकवार गणती करावी, एवढेंच आमचें शेतकरी बंधु-भगिनींस सांगणें आहे.