पहाटेची बोटं

सकाळी साडेपाचला दुधाची पिशवी कापायला आई बाबांना हाक मारायची. कात्री तिच्या बोटांत बसायचीच नाही. साडेदहाला मात्र तीच पोळ्या लाटायची. आमवात तोच, बोटंही तीच. पाच तासांत काय बदलायचं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. विज्ञानालाही ते उमगायला कितीतरी वर्षं लागली.

१९३६ साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात हान्स सेल्ये उंदरांना अंडाशयाचा अर्क टोचत होते, नवं संप्रेरक हाती लागेल या आशेने. उंदीर चिरून पाहिले तर अ‍ॅड्रिनल ग्रंथी फुगलेल्या, छातीतली थायमस आक्रसलेली, जठरात व्रण. मग त्यांनी फॉर्मेलिन टोचलं, उंदरांना थंडीत ठेवलं. दर वेळी तेच तीन बदल. अर्काचा त्यात काही वाटा नव्हता, शरीरावर पडलेला ताण पुरेसा होता. थायमसचं काम मात्र तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. प्रतिकारशक्तीच्या पेशींसाठी ती किती गरजेची आहे, हे झाक मिलर यांनी दाखवलं ते १९६१ मध्ये. सेल्येंनी डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीचा अर्थ लागायला पंचवीस वर्षं गेली!

दरम्यान १९४८ मध्ये मिनेसोटातल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताने जखडलेल्या २९ वर्षांच्या बाईला कॉर्टिसोन, म्हणजे त्याच अ‍ॅड्रिनल ग्रंथींतलं संप्रेरक, टोचलं आणि काही दिवसांत ती हिंडू-फिरू लागली. १९५० मध्ये हेंच यांना नोबेल मिळालं. पाठोपाठ सुजलेले चेहरे, ठिसूळ हाडं, जंतुसंसर्ग यांच्या तक्रारीही आल्या. सूज उतरवणारं औषध शरीराचा पहाराही ढिला करत होतं.

शरीरातल्या घड्याळाचा धागाही गवसला मिनेसोटातच. फ्रांझ हालबर्ग यांनी उंदरांना जिवाणूंचं विष एकाच मात्रेत, पण वेगवेगळ्या वेळी दिलं. एका प्रहरी बहुतेक मेले, दुसऱ्या प्रहरी बहुतेक तगले. माझ्या मते, या साऱ्या इतिहासात याहून मोठा धक्का नाही.

ताणाचा धागाही पुढे सरकत होता. त्यातला १९९५ चा एक प्रयोग मला घरचाच वाटतो. ओहायोमध्ये जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांना सांभाळणाऱ्या १३ स्त्रियांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची जखम केली. ती भरायला सरासरी ४८.७ दिवस लागले. त्याच वयाच्या इतर स्त्रियांना ३९.३. बाबा वर्षानुवर्षं पहाटे चारला उठून आईच्या हातांसाठी पाणी तापवत. त्यांना चपलेने लागलं होतं, ते दोन महिने भरलं नाही. साखर तपासली, ती ठीक निघाली. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, पण मला तो पाय विसरता येत नाही.

आता आईची पहाट कळते. मध्यरात्रीच्या सुमारास कॉर्टिसॉल, म्हणजे कॉर्टिसोनचं शरीरातलं सक्रिय रूप, तळाला असतं. त्यानंतर सूज वाढवणारे रेणू चढत जातात. पहाटे कॉर्टिसॉलही वाढतं, पण आमवातात ते पुरं पडत नाही. २००८ मध्ये २८८ रुग्णांवरचा अभ्यास आला. झोपताना घ्यायची आणि चार तासांनी विरघळणारी, कॉर्टिसोनच्याच जातीच्या प्रेडनिसोनची गोळी. बारा आठवड्यांत सकाळचा ताठरपणा सरासरी ४४ मिनिटांनी कमी झाला.

आई २००५ मध्ये गेली. तिची गोळी नाश्त्यानंतरची असायची, नऊची. ती घेईपर्यंत दूध तापवून झालेलं असायचं, बाबांच्या हातून.